मच-मेनी सरांची लेक

सरांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस गल्लीत शोधूनही सापडलं नसतं. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तरी सगळ्यांसाठी ते ‘मच-मेनी सर’च राहिले. पोरांच्या निबंधातलं वाकडंतिकडं स्पेलिंग ते एक वेळ पोटात घालत. पण मोजता येणाऱ्या वस्तूला ‘मच’ आणि न मोजता येणाऱ्या वस्तूला ‘मेनी’ लावलेलं दिसलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. “पाणी मोजतोस का रे? एक पाणी, दोन पाणी?” असं विचारायचे, आणि अख्खा वर्ग खिदळायचा. ‘लॉट्स ऑफ’वर तर त्यांचा खास राग. बोलताना खुशाल वापरा म्हणायचे, पण लिहायला बसलात की जरा धुतलेले कपडे घालून बसा. मग फळ्यावर एकेक भारदस्त शब्द उतरायचा: ‘प्लेंटी ऑफ’, ‘न्यूमरस’, ‘अ ग्रेट डील ऑफ’. गल्लीतल्या दुकानदारांनाही त्यांचा एवढा धाक, की पाटी रंगवण्याआधी मजकूर सरांच्या नजरेखालून घालून घेत.

अशा सरांची एकुलती एक लेक शालान्त परीक्षेत नापास झाली, आणि तीही नेमकी इंग्रजीत.

“दिव्याखाली अंधार!” गल्ली म्हणाली. गल्लीला काय, बोलायला विषय मिळाला. सर मात्र एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले नाहीत, समजूतही काढली नाही. निकालाच्या कागदाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि जेवायला बसले. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं लेकीला वाटलं. मारलेलं विसरता येतं, गप्प राहिलेलं कसं विसरणार?

पुढे ती शिवण शिकली. हात चांगला बसला. आई गेल्यावर घरात बापलेक दोघंच. तिनं पुढच्या खोलीत मशीन टाकलं आणि बघता बघता बायकांची रीघ लागली. तिनं लावलेल्या बाहीला खांद्यावर एक चुणी पडली तर शपथ. सगळं मार्गी लागलं, पण एक प्रश्न घशात अडकलेल्या काट्यासारखा राहिला: आपण बाबांना कमी पडलो का? आज विचारू, उद्या विचारू करत वर्षं गेली. शिंपिणीला दुसऱ्यांची मापं घेता येतात, स्वतःचं कोण घेणार?

आणि मग एका सकाळी सरांच्या हातातला कप निसटला. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याकडे एवढाच एक आवाज उरला होता: “हं.” भूक लागली तरी हं, नको असलं तरी हं. आता लेकीनं मनाचा हिय्या करून विचारलं असतं, तरी उत्तर द्यायला बाबांकडे शब्द नव्हता. ती मशीनवर बसून मुकाट्यानं डोळे पुसायची आणि गिऱ्हाईक आलं की सर्दी झालीय म्हणायची.

बोलणं परत यावं म्हणून एक बाई घरी यायच्या. भल्या बाई. चित्रांचे पत्ते दाखवायच्या. “हे काय आहे, आजोबा? स... सफर...” सर भिंतीकडे तोंड फिरवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसापुढे कुणी सफरचंद नाचवलं तर तो दुसरं काय करणार? जाताना बाई लेकीला दाराशी म्हणाल्या, “त्यांना स्वतःहून काही करावंसं वाटलं पाहिजे, ताई. जबरदस्तीनं नाही व्हायचं हे.”

ते घडलं अस्तराच्या कापडावरून. अस्तरही इथेच मिळतं, अशी पाटी लेकीला लावायची होती, आणि नवी गिऱ्हाइकं इंग्रजी वाचणारी. कटिंगचा मोठा खाकी कागद टेबलावर पसरून तिनं खडूनं कच्चा मजकूर लिहिला: ‘वी हॅव मेनी क्लॉथ’. खुर्चीतून आवाज आला, “हं!”

“पाणी हवंय का, बाबा?”

“हं! हं!” कपाळाची शीर उडत होती. कित्येक महिन्यांत उडाली नव्हती. डावा हात पुढे करून ते बोटानं हवेत काहीतरी खोडत होते. लेकीनं खुर्ची टेबलाशी ओढली आणि त्यांच्या हातात लाल खडू दिला. सरांनी ‘मेनी’वर काट मारली. मग जीभ दातांत धरून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवत वर लिहिलं: ‘प्लेंटी ऑफ’. एक अक्षर सुटलं होतं, दुसरं उलटं पडलं होतं. लेक त्या कागदाकडे बघून हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

तेव्हापासून तिला नवा उद्योग लागला. रोज दुपारी, गिऱ्हाइकांची वर्दळ थांबली की खाकी कागदाच्या तुकड्यावर एक चुकीचं वाक्य लिहायचं आणि बाबांपुढे सरकवायचं. शेजारच्या काकूंना ‘मच’ मुलं आहेत. डब्यात ‘मच’ मुंग्या आणि ‘मेनी’ साखर आहे. सर फुरफुरायचे, काट मारायचे, वर बरोबर शब्द गिरवायचे. काकूंनी एकदा वाचलं आणि म्हणाल्या, “माझी पोरं मोजायला तुमचं इंग्रजी कशाला हवं गं?” सरांच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी अजून हलत नव्हती.

चूक मुद्दाम करायची तर बरोबर काय ते आधी माहीत असावं लागतं. हे लेकीच्या लक्षात आलं तेव्हा तिची सुई हातातच राहिली. म्हणजे आपल्याला येत होतं की! भीतीपोटी परीक्षेच्या दिवशी पळालेलं ते सगळं आत कुठंतरी बसून होतं. एकदा तिनं आपल्या मते अगदी बिनचूक वाक्य लिहिलं, बटणांची मोठी ‘अमाउंट’ आणायची आहे असं. सरांनी ‘अमाउंट’ खोडून ‘नंबर’ केलं आणि भुवई वर चढवून तिच्याकडे असं पाहिलं, की ती म्हणाली, “ही खरीच चूक होती हं, बाबा. नाटक नव्हतं.” नाटक चाललंय हे सरांना पहिल्यापासून ठाऊक होतं, हे तिला त्या नजरेत दिसलं.

मग एका दुपारी तिला वाटलं, तोंडानं नाही जमलं ते खडूनं का विचारू नये? सरळ विचारायचं धाडस तरीही झालं नाही. तिनं नेहमीसारखंच चुकीचं वाक्य लिहिलं: ‘आय गेव्ह यू मेनी सॉरो’. मी तुम्हाला फार दुःख दिलं. कागद सरकवला आणि ती मशीनवर जाऊन पाठमोरी बसली. म्हटलं, ‘मेनी’ खोडतील, ‘मच’ किंवा ते लांबलचक ‘अ ग्रेट डील ऑफ’ लिहितील, आणि आपल्याला कळेल की बाकीचं वाक्य त्यांना मान्य आहे. पाय मशीनच्या पॅडलवर होते, पण चाक फिरत नव्हतं.

मागे खडूचा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला, जोरात, आणि खडू मोडल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ अगदी सावकाश खरखर. शेवटी, “हं.”

ती उठून आली. काट ‘मेनी’वर नव्हती, ‘सॉरो’वर होती. एकदा मारून समाधान झालं नसावं. कागद फाटेपर्यंत मारली होती. वर थरथरत्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘जॉय’.

गालावरचं पाणी हनुवटीपर्यंत आलं तसं तिनं बाहीनं पुसलं आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “बाबा, ‘मेनी’ तसंच राहिलं की. आनंद काय मोजता येतो?”

सरांनी वाकून पाहिलं. चूक त्यांना दिसली. शीर उडाली तेवढ्यावरून लेकीनं ओळखलं. मोडक्या खडूकडे त्यांचा हात गेलाही. मग तो हात खडू सोडून लेकीच्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला.

“राहू दे म्हणता?” तिनं विचारलं.

“हं,” सर म्हणाले.