कासिम गुरुजींचा तो तास

कासिम गुरुजी गेल्याचं मला कळंबच्या बसस्थानकावर कळलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "गुरुजींना माती देऊन आठ दिवस झाले. तुम्हाला कुणी कळवलं न्हाय व्हय?" त्याला आता महिना होत आला. तेव्हापासून कशात जीव रमत नाही. हा लेख लिहिताना चार कागद फाडले...

आमची ओळख झाली ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. मी विशीतला, कळंबच्या शाळेत नुकताच लागलेला मास्तर. गुरुजी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मराठी शिकवायचे. धड्याचा अर्थ सांगून मोकळं होणं त्यांना जमायचं नाही. लेखकाचं म्हणणं आधी मुलांकडून एका वाक्यात वदवून घ्यायचे आणि मग विचारायचे, "कशावरून म्हणतो? ओळीवर बोट ठेव." कधी कधी बोट ठेवायला ओळच सापडायची नाही. तेव्हा त्यांचा चेहरा खुलायचा.

त्या दिवसांत गावात एक चोरटं पत्रक फिरत होतं. मुसलमानांनी विहिरींत विष कालवलंय, असं त्यात होतं. सातवीची मुलं दोन बाजूंना फुटून बसायला लागली, मधल्या सुट्टीत डोकी फुटायची वेळ आली. गुरुजींनी पत्रक मागून घेतलं आणि वर्गात पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. मी दाराशी उभा होतो. "लिहिणाऱ्याला शिव्या देऊ नका," ते म्हणाले. "त्यानं पुरावा काय दिलाय, तेवढा काढा." मुलांनी तासभर ओळ न् ओळ चाळली. विहीर कुठल्या गावची, ते नव्हतं. पाणी पिऊन कोण मेलं, तेही नव्हतं. 'सर्वांना ठाऊकच आहे' हे मात्र तीनदा होतं. शेवटी एकजण वैतागून ओरडला, "गुरुजी, ह्यात तर कायच न्हाय!" दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा मिसळून बसली.

पण कुणीतरी तहसिलीत चुगली केली. सरकारविरोधी पत्रक वर्गात वाचलं म्हणून चौकशी लागली. मला जबाब मागितला. मी लिहून दिलं, 'कासिम मास्तरांनी पत्रक वर्गात मोठ्याने वाचले.' एवढंच. पुढचं लिहिलं तर आपणही अडकू, ही भीती. गुरुजींची नोकरी गेली. चौकशीत माझा जबाब त्यांना दाखवला होता. शाळेतून निघताना माझ्याजवळ थांबले. "वामनराव, तुमचं वाक्य खरं हाय. पण त्याच्यापुढं जे झालं, ते कुठं लिहिलं?"

मी समोरचं हजेरीपुस्तक उघडलं.

निजामाचं राज्य गेलं, गुरुजी परत शाळेत आले. पुढची वीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांनी तो विषय काढला नाही... आणि त्यांनी काढला नाही म्हणून मीही नाही. त्यांनी रागवावं, असं कितीदा वाटलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीला, हमीदाला, सगळं सांगितलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "काका, अब्बा असताना का न्हाय बोललात?"

तिनं चहा आणला. गुरुजींची खाट अजून खिडकीशीच आहे, वरची चादर कुणी काढलेली नाही. खोलीत दुसरं बसायला काही नव्हतं. हमीदानं चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हितंच बसा."