वेलचीचा वास

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी नोकरीला होतो, तेव्हा नाक्यावरचा तो हवालदार रोज दिसायचा. दारू तपासायचं मशीन त्याच्याकडे कुठलं असणार! ट्रकच्या पायरीवर चढून ड्रायव्हरच्या तोंडाशी नाक न्यायचा आणि म्हणायचा, "फुंक मार." दारू पिऊन गाडी चालवू नये हा सगळा कायदा त्या नाकावर उभा होता.

एका संध्याकाळी त्यानं सोडलेल्या ट्रकनं पुढच्याच वळणावर स्कूटरवरच्या नवरा-बायकोला चिरडलं. ड्रायव्हर तर्र होता.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी हवालदाराला विचारलं, "तुम्हाला वास नाही आला?"

"आला की. वेलचीचा. म्हटलं, चांगल्या घरचा दिसतोय."

टपरीवाल्यानं नेहमीचा वेलचीचा चहा पुढे केला. हवालदारानं कप नाकाशी नेला आणि वाफाळता चहा तसाच रस्त्यावर ओतून दिला.