माझ्या भारंभार गूळ

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या गावातून हिंगोलीला एसटीनं जायचो, जागा नसली की उभ्यानं वाचायचो, असा बी.एस्सी. झालो. त्यामुळं या डिग्रीत कुणी वाटा मागितला की मला खपत नाही.

वाटा निघाला औंढ्याच्या नागनाथाचा.

निकाल लागला त्याच दिवशी माय म्हणाली, "म्या नवस बोलले व्हते. पोरगं पास झालं की त्याच्या भारंभार गूळ वाटीन. तवर गोड तोंडात घालणार न्हाई."

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात मी. शिकलेल्या माणसाला देवळापुढं पोत्यासारखं तोलायचं!

"माय, पेपर मी लिहिले का नागनाथानं?"

"तूच लिहिले. त्याला कुठं इंग्रजी येतंय?"

"मग?"

"मग काय? लिहिणारे समदेच पास होऊन राहिले व्हय?"

बोलता बोलता कळलं, की तिनं दर्ग्यातही नवस केला होता आणि तिथली चादर कधीच चढवून झाली होती. मला वाटलं, आता सापडली.

"सोयाबीनवर दोन औषधं एकदम फवारली, तर कोणतं लागू पडलं हे कसं कळंल?"

"कळून काय करायचंय? अळी मेली ना?"

बाप एवढा हसला, की त्याला ठसका लागला.

मी काही गेलो नाही. वाटलं, पोळ्याला पुरणाचा वास आला की ही मोडेल. पोळा गेला, दिवाळी गेली. माझ्या लग्नात तिनं अख्ख्या गावाला बुंदी वाढली आणि स्वतः ठेचा-भाकरी खाल्ली. मी म्हणायचो, देव नाही हे सिद्ध झालंय. ती म्हणायची, झालं असंल, पण बोलले तर म्याच ना. इकडं माझा तर्क लांबत गेला, तिकडं नोकरीत बसून बसून माझं वजन वाढत गेलं.

मग मला मुलगी झाली. बारशाला बायकोनं मायपुढं पेढा धरला. तिनं तो हातात घेतला, वास घेतला आणि शेजारणीला देऊन टाकला.

तेव्हा मी नीट विचार केला. देव असला, तर त्याचं त्याला पोचेल. नसला, तर गूळ माणसं खातील. दोन्हीकडं मायचं तोंड गोड होणार. नुकसान होतं ते फक्त माझ्या ऐटीचं.

"चल औंढ्याला," मी म्हणालो.

देवळाबाहेर गुळाच्या दुकानापुढं मोठा तराजू टांगला होता. बापानं मला वरून खालपर्यंत पाहून दुकानदाराला विचारलं, "साखळी धरंल ना?"

मी पारड्यात मांडी घालून बसलो. समोर ढेपा चढत गेल्या, तरी मी जमिनीलाच. यात्रेकरू थांबून बघू लागले. एकानं फोन काढला. मायचा जीव खालीवर होऊ लागला.

"आवं दुकानदार, बोलले तवा ह्यो काडी व्हता. देवाला तवाचं वजन चालत असंल की."

"न्हाई चालत," मी वरच्या आवाजात म्हणालो. "देव मानायचा तर मापात लबाडी न्हाई. टाका ढेप!"

"काहून? तुझा देव कवापासून झाला रे?"

"माझा न्हाई. तुझा हाय म्हणून तर बराबर तोलायचं."

अखेर मी जमीन सोडली. मायनं देवाकडं हात जोडले, ढेपेचा एक खडा फोडला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. मी अजून लोंबकळतच होतो.

"माय, आता खरं सांग. नागनाथ असल्यावर कशाला तुला एवढी वर्षं कोरडं ठेवंल?"

तिचं तोंड भरलेलं होतं. हातानंच मला थांब म्हणाली आणि दुसरा खडा उचलला.