नाव घातलेली भांडी

एका जिवंत बाईला मी सकाळी सव्वानऊला मारलं आणि साडेनऊला तिचाच मला फोन आला.

हत्यार होतं कॉपी-पेस्ट. आमच्या चिंचवडच्या सोसायटीला पन्नास वर्षं होत होती आणि गेटपाशी 'पहिले रहिवासी' असा काळ्या ग्रॅनाइटचा फलक लावायचं ठरलं होतं. सगळ्यात आधी राहायला आलेली बारा घरं, आली त्या क्रमाने. यादीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. एखादा पार्ट कुठल्या लॉटमधला, कुठल्या शिफ्टचा, कुणाच्या हातून गेला हे शोधणं हीच माझी भाकरी. "पार्टची कुंडली काढतोस, मग माणसांची काढ की," सेक्रेटरीकाका म्हणाले आणि मी फुगलो. फुगलो की मी चुकतो, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. यादीत मावशींच्या यजमानांच्या नावामागे 'कै.' होतं ते बरोबरच होतं. तेच उचलून मी खाली मावशींच्या नावामागेही चिकटवलं आणि यादी ग्रुपवर सोडली. पाच मिनिटांत अकरा जणांनी हात जोडले. एकाने तर 'मावशी फार प्रेमळ होत्या' असंही लिहिलं.

"मी मेले व्हय रं?" मावशींनी चऱ्होलीहून विचारलं.

"मावशी, चूक झाली. हात चुकला."

"आरं, मेलेलं चालंल. पन फोटू तरी टाकायचा! सून म्हनती, नुसतंच नाव हाय."

या मावशी म्हणजे सोसायटीची घरं बांधायला घेतली तेव्हा सळई-सिमेंटवर राखण करायला जो वॉचमन ठेवला होता, त्याची बायको. मूळच्या खेड तालुक्यातल्या. दोघं पत्र्याच्या एका खोलीत राहायचे. मी शाळेतून आलो आणि घराला कुलूप असलं, की त्यांच्याकडे लसणाची चटणी आणि भाकरी ठरलेली. आता त्या लेकाकडे अकराव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टला 'डबी' म्हणतात.

हसून झाल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दगडावर नाव येनार का, तेवढं सांग. हितं सोसायटीत सगळ्याजणी आपापलं सांगत्यात. मी सांगते, तितं सगळ्यांच्या आधी आमी आलो, तर सून गालात हसती. न्हाई म्हनत न्हाई, पन हसती."

मी लगेच शब्द देऊन टाकला.

सेक्रेटरीकाकांनी तो तितक्याच लगेच काढून घेतला. काका सगळी नोकरी हिशेबखात्यात करून निवृत्त झालेले. कागद नसेल तर माणूस नाही, असं त्यांचं तत्त्वज्ञान. शिवाय यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. "त्या मेंबर नव्हत्या. रजिस्टरला नाव नाही. कागद आण, घालतो. नाहीतर उद्या प्लॉटवर शेळ्या चारणारा येईल आणि म्हणेल, मी पहिला."

मग मी कागदाच्या मागे लागलो. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणजे सरकारी कचेऱ्या उघड्या. असे तीन गुरुवार गेले. रेशनकार्ड होतं, पण गावच्या पत्त्यावर. शाळेच्या रजिस्टरात लेकाचं नाव होतं, पण ते पुष्कळ नंतरचं. पत्र्याच्या खोलीला घरपट्टी कसली, असं महापालिकेतल्या बाईंनी मलाच विचारलं. चौथ्या गुरुवारी मी फाइल काखेत मारून निघालो, तर बायकोने दारात अडवलं आणि हातात पोह्यांची ताटली दिली.

"उलटी करा."

"पोहे सांडतील."

"मग आधी खा आणि मग उलटी करा."

पोहे संपवून ताटली उलटी केली. मागे ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. शेजारच्या बीडकरांनी माझ्या बारशाला दिलेली ताटली, नावासकट आणि तारखेसकट.

"अहो, आपल्या गल्लीत वास्तुशांत, बारसं, काहीही असलं की काय देतात? स्टीलचं भांडं. दुकानदाराकडून नाव, निमित्त, तारीख घालून. घरोघरी रेकॉर्ड घासून पुसून मांडणीत लावलंय आणि तुम्ही महापालिकेत पंख्याखाली बसताय."

मला आनंदाने घाम फुटला. कंपनीतलं भिंग, वही आणि बायको एवढं सामान घेऊन मी मावशींच्या घरचं नाव शोधत घरोघर निघालो. सुरुवातीला गृहिणी संकोचून एकेक डबा काढत होत्या. तासाभरात संकोच संपला, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. गल्लीत पन्नास वर्षं पुरणपोळ्या, खीर, लोणचं हे सगळं भांड्यातून गेलं होतं, आणि भांडी परत आलीच असतील असं नव्हतं.

"ही चाळणी आमची!"

"तुमची कशी? माझ्या सासूबाईंची आहे."

"सासूबाई तुमच्या असतील हो, चाळणीवर नाव माझ्या आत्याचं आहे!"

मी भिंग लावून नाव वाचायचो आणि लगेच पुढच्या घराकडे पळायचो. दुपारपर्यंत रस्त्यावर भांड्यांची अशी काही ये-जा सुरू झाली, की गॅसच्या गाडीवाल्याने विचारलं, "भाऊ, लग्न कुणाकडंय?" एका आजींना त्यांची खिसणी सतरा वर्षांनी भेटली. त्यांनी ती पदराने पुसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सगळ्यात शेवटी सेक्रेटरीकाकांचं घर. काका म्हणाले, "इथे काही नाही." काकूंनी त्यांच्याकडे न बघताच स्टूल ओढलं आणि माझ्याकडून माळ्यावरचं मोठं पातेलं काढून घेतलं. काठाखाली अक्षरं होती. घासून घासून पुसट झालेली, पण भिंगाखाली स्वच्छ. 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट.' त्याखाली मावशींच्या यजमानांचं नाव. आणि त्याखाली एकच शब्द, 'शेजारी'.

मी भिंग खाली ठेवलं. "काका, तुमच्या वास्तुशांतीच्या दिवशी सोसायटीत घरं किती?"

"एक. आमचंच. पहिलं." काकांनी छाती काढली.

"मग हे शेजारी कुठले?"

काकांची छाती तशीच राहिली, तोंड तेवढं उघडं पडलं. काकू खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, त्या दिवशी पुरणाचं पाणी कुठून आलं होतं? तिच्याच पिंपातून. आम्ही राहायला आलो तर तिच्या दारात दोडक्याचा वेल पत्र्यावर चढलेला होता. मी विसरले नव्हते. मला कुणी विचारलंच नाही."

"भांड्याला कागद कसं म्हणायचं?" काका पुटपुटले.

"कागदाला पन्नास वर्षं घासून बघा की!" माझी बायको म्हणाली.

काकांनी पातेलं खिडकीशी नेलं, आधी चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं. मग माझ्या हातातली यादी घेतली, स्वतःच्या नावापुढचा एक खोडून दोन केला आणि वर मावशी-यजमानांची जोडी टपोऱ्या अक्षरात लिहिली. "इन्स्पेक्टर," ते मला म्हणाले, "तिच्या नावामागे या वेळी 'श्रीमती' लाव."

फलकाच्या दिवशी मावशी सुनेचा हात धरून आल्या. पडदा सरकला. "कुठशी हाय?" त्यांनी विचारलं. सगळ्यात वर, असं मी सांगितलं. "वर म्हंजी? मला दिसंना. स्टूल आना." स्टूल आलं. काकांनी ते स्वतः दोन्ही हातांनी धरलं, दुसरीकडून सुनेने मावशींना धरलं. मावशींनी अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा डावीकडून आणि एकदा पुन्हा. मग वरूनच सुनेला म्हणाल्या, "आता हस."

सून हसली, पण डोळे पुसत.

घरी आल्यावर मी जरा हिरमुसून बसलो. कारण काकांना लावलेला भांड्यांचा न्याय आम्हालाही लागला होता. आमच्या वास्तुशांतीला भेटी देणारे शेजारी मोजले, तेव्हा मी मोठ्या दिमाखात तिसऱ्या नंबरावर लिहिलेले आमचे वडील थेट बाराव्यावर गेले. फलकावर शेवटची ओळ. मी बायकोला म्हणालो, "एवढं सगळं मी शोधून काढलं आणि आपण सगळ्यात खाली."

"बरं झालं," ती म्हणाली. "आपलं नाव वाचायला कुणाला स्टुलावर चढवायला नको."