मागच्या दाराचा कप

निवृत्त झाल्यापासून रेखाकाकू दर शनिवारी अमेरिकेतल्या हर्नडनहून तासभर गाडी चालवत त्या जुन्या खेड्यात जायच्या. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी वसवलेली नऊ घरं, एक गिरणी, एक चर्च. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. त्या काळचा घोळदार निळा झगा घालून काकू आल्यागेल्याला गाव दाखवायच्या, हौसेनं.

आज मराठी मंडळाची सहल होती आणि सोबत बारा वर्षांची नात, ऋता. पुढच्या शनिवारपासून तीही छोटी गाईड होणार, म्हणून आजीचं बोलणं पाठ करायला आलेली. दोघी सकाळपासून एकाच बाटलीतलं पाणी पीत होत्या.

मोठ्या घराच्या मागच्या दाराशी, बाहेरच्या कोनाड्यात, पोचे पडलेला पत्र्याचा कप होता.

"मालकीणबाई दयाळू होत्या. थकल्याभागल्या वाटसरूंसाठी हा कप ठेवायच्या," काकू म्हणाल्या. गाव सांभाळणाऱ्या समितीच्या कागदात तसंच लिहिलं होतं.

"मागच्या दारानं?" मंडळाची हिमानी म्हणाली. "आमच्याकडे मागच्या दारानं फक्त नवरा येतो, उशीर झाला की."

सगळे हसले. ऋता हसली नाही. "पण आजी, घरात सो मेनी कप्स आहेत. हाच बाहेर का?"

पहिल्याच दिवशी काकूंनी हा कप ओळखला होता, तरी तीन वर्षं वाटसरूच सांगत आल्या. मिरजेला माहेरी असाच एक होता, कान तुटलेला, संडासाकडच्या बोळात. मैला न्यायला येणाऱ्या बाईला वरून चहाची धार धरायचं काम दहा वर्षांच्या रेखाचं. एकदा उकळता चहा बाईच्या हातावर सांडला. आई धावत आली आणि रेखाला म्हणाली, "तुझ्यावर शिंतोडे नाही ना उडाले?"

आता हे वाटसरू ऋता पाठ करणार.

"वाटसरूंसाठी नव्हता," त्या म्हणाल्या. "गुलामांसाठी होता. घरातल्या भांड्यांना त्यांचे ओठ लागू नयेत म्हणून."

"कागदात आहे हे?" हिमानीनं विचारलं.

"नाही. आमच्या घरी होता असा. त्यात चहा मी ओतायचे."

"जाऊ दे ना काकू, तेव्हा सगळ्यांकडेच असायचा," म्हणत हिमानी चर्चचा फोटो काढायला वळली. मंडळी तिच्यामागे गेली.

"यू डिड दॅट?" ऋतानं हळूच विचारलं. "कोणासाठी? तिचं नाव काय होतं?"

"विचारलं नाही कधी."

ऋता कपाकडे बघत राहिली. मग तिनं बाटली काढली, बाटलीचं तोंड शर्टाला पुसून पाणी प्याली. काकूंनी सवयीनं हात पुढे केला.

ऋतानं बाटली पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. काकूंनी ती वाकून उचलली.