सुप्याच्या पत्र्याखालचं चर्च

नवीन चर्चला माणसं जमायला वेळ लागतो, किस्से पहिल्याच रविवारी जमतात! सुप्याला एमआयडीसीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमचं चर्च सुरू झालं. पास्टर विनय तरुण, धडाडीचे. मी कीबोर्डवर. आणि गावातलं जुनं चर्च सोडून आलेलं म्हातारं जोडपं, शांतवनकाका आणि रूथकाकू. हे किस्से मी हसत सुरू करतो, पण हल्ली हसू शेवटपर्यंत टिकत नाही.

*

काका जुन्या चर्चमध्ये जन्मभर तबल्यावर. इथंही तबला घेऊनच आले. पास्टर प्रेमानं म्हणाले, "काका, आता त्रास नको. तुमचा ठेका कीबोर्डमध्येच आहे!"

मी बटण दाबलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"झ्याक हाय. पन गाणारा मधीच थांबला, तर ह्यो थांबतो का?"

थांबत नव्हता. काका तबला झाकून मागं जाऊन बसले.

*

प्रार्थनेला खुर्चीत बसणं काकूंना जमेना. पास्टरांनी लगेच मागं सतरंजी टाकली. "जुन्या पद्धतीवाल्यांची खास सोय!" सगळे खुर्च्यांवर, सतरंजीवर हे दोघंच.

काकू मला म्हणाल्या, "पंगत उठल्यावर मागं राहिल्यावानी वाटतंय रे!"

*

आमच्याकडं गीतांची पुस्तकं नाहीत, शब्द पडद्यावर येतात. एकदा गाण्यातच लाइट गेली. सगळं चर्च गप्प! काकू मात्र अंधारात गात राहिल्या. दुसऱ्या कडव्याला त्याही अडल्या.

"पुढचं न्हाई आठवत," त्या हळूच म्हणाल्या. "हितं आल्यापून म्या बी पडद्याकडंच बघती."

*

काका गेले. दफनासाठी पास्टर जुन्या चर्चकडं गेले. कमिटी म्हणाली, "ते आता आमचे सभासद नाहीत." आमच्याकडं प्रोजेक्टर होता, साउंड होता, दफनभूमी नव्हती. सगळी दुपार पास्टर हात जोडत फिरले. शेवटी जुन्या चर्चच्या पाळकांनीच येऊन गेट उघडलं. विधीही त्यांनीच केला. आमचे पास्टर गर्दीत उभे.

पुढच्या रविवारी काकू आमच्याकडं आल्या नाहीत, जुन्या चर्चला गेल्या. संध्याकाळी पास्टर मला घेऊन त्यांच्या घरी गेले.

"काकू, आमचं काय चुकलं? तबला परत आणू, पुस्तकं आणू. तिथं असं काय आहे, जे आपल्याकडं नाही?"

काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुमचं काय बी चुकलं न्हाई, बाबा. तितं ह्यांच्या शेजारी जागा हाय."