मेंढीच्या डोळ्यावरचा हात

सांगलीच्या कॉलेजात मी घशातल्या जंतूंवर संशोधन करत होते. ते जंतू मेंढीचं रक्त घातलेल्या काचेच्या थाळीतच नीट वाढत. म्हणून वडूजकडून कळप घेऊन कृष्णाकाठी उतरलेले एक मेंढपाळ पंधरवड्याला एक मेंढी घेऊन प्रयोगशाळेच्या मागच्या दारी येत. मी त्यांना मामा म्हणायची. नाव कधी विचारलंच नाही.

मामा मेंढीला गुडघ्यांत धरत आणि मी मानेत सुई घालताना त्या बाजूचा तिचा डोळा तळहातानं झाकत. सुई निघाली की हात काढून तिचं तोंड माझ्याकडे वळवत. "ताईनं घेतलं बघ. वळख ठेव," असं तिला सांगत. मला त्याचं हसू यायचं, आणि बरंही वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळात एकदा ते आले, तेव्हा मेंढीच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"आज नगं, ताई. तिच्यातच काय न्हाई."

"शेवटच्या थाळ्या आहेत, मामा. थोडंच घेते."

त्यांनी बाही वर सारली. "मग माझं घ्या."

"माणसाचं चालत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मामांनी बाही खाली केली, मेंढी धरली, डोळा झाकला. रक्त फार सावकाश आलं. सुई काढून, रक्त गोठू नये म्हणून मी बाटली हलवत उभी राहिले, ती आता माझ्याकडे वळेल म्हणून. हात डोळ्यावर तसाच होता.

"तुमी पयलं आत जावा, ताई," मामा म्हणाले. "मग हात काढतो."